भोकं कुठे पाडायची?

स्पर्धेत खेळण्यासाठी घेतलेला बोलिंग बॉल दुकानात येतो तेव्हा त्याला एकही भोक नसतं. तो एक गुळगुळीत, जड गोळा असतो. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये रॅकवर मांडलेले रंगीत बॉल पाहिलेल्यांना याचं नवल वाटेल, कारण तिथे तीन भोकं हीच बॉलची ओळख. पण टेनपिन बोलिंग मनापासून खेळणाऱ्याचा बॉल कारखान्यात अर्धाच तयार होतो. उरलेला अर्धा तयार होतो ड्रिलरच्या यंत्राखाली. अमेरिकेत पुष्कळ बोलिंग सेंटरांना लागून एक छोटं दुकान असतं, त्याला ‘प्रो शॉप’ म्हणतात. तिथला ड्रिलर गिऱ्हाइकाच्या हाताचं माप घेतो, त्याचे काही थ्रो पाहतो, तो कुठल्या लेनवर खेळतो हे विचारतो आणि मग भोकांच्या जागा आखतो. एकदा ड्रिल लागलं की चूक दुरुस्त करायला भोक राळेने बुजवून पुन्हा पाडावं लागतं.

भोकं कुठे पाडायची, या प्रश्नावर गेली पन्नास वर्षं घनघोर चर्चा चालू आहे. कोणी म्हणतं हात महत्त्वाचा, कोणी म्हणतं बॉलच्या पोटातला गाभा, तर कोणाच्या मते खरा निर्णय लेनवरचं तेलच करतं. प्रत्येक मतामागे पुरावा आहे, मात्र तिन्हींचं वजन सारखं नाही. बाजारात सर्वांत जास्त बोलबाला गाभ्याचा आणि भोकांच्या आखणीचा आहे. पुरावे नीट पाहिले तर हात पहिला येतो, बॉलचा पृष्ठभाग दुसरा आणि आखणी त्यांच्या मागून.

मुळात बॉलला वळण कशासाठी हवं, ते आधी पाहायला हवं. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. लेनची रुंदी जेमतेम साडेएकेचाळीस इंच आणि ती ३९ पट्ट्यांमध्ये मोजली जाते. बॉलचा व्यास साडेआठ इंचांच्या किंचित वर, वजन जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे सव्वासात किलो. दहा पिना, प्रत्येकी १५ इंच उंच आणि साडेतीन पौंडांच्या आसपास. चांगल्या खेळाडूचा बॉल हे अंतर अडीच सेकंदांच्या आसपास कापतो. उजव्या हाताचा खेळाडू नेम धरतो तो पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीवर; तिला ‘पॉकेट’ म्हणतात. नमुनेदार स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो : १, ३, ५ आणि ९. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. हे घडायचं तर बॉलला पिनांच्या गर्दीत शिरून टिकून राहता आलं पाहिजे. अगदी कडेवरून फेकलेला सरळ बॉलसुद्धा पॉकेटमध्ये दोन अंशांपेक्षा जास्त तिरका शिरू शकत नाही. तो पहिल्या पिनेला लागून बाजूला ढकलला जातो आणि पाचवी पिन उभी राहते. वळणारा बॉल मात्र सहा अंशांपर्यंत तिरका येऊ शकतो. या चार अंशांच्या फरकासाठी एवढं रसायनशास्त्र, गणित आणि यंत्रकाम उभं राहिलं आहे.

सुरुवात हातापासून. सेंटरमधल्या भाड्याच्या बॉलमध्ये मधलं बोट आणि अनामिका दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात. भोकं सैल असतात, कारण तो बॉल दिवसभरात अनेकांच्या हातांतून जायचा असतो. स्वतःचा बॉल असलेले बहुतेक खेळाडू ‘फिंगरटिप’ पकड वापरतात : दोन बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत, अंगठा मात्र पूर्ण. बॉल सुटताना अंगठा आधी निघतो, बोटं क्षणभर मागे राहतात आणि त्या क्षणात बॉलला फिरकी मिळते. अंगठा वेळेवर आणि दर वेळी सारखा निघाला, तरच ही फिरकी दर वेळी सारखी मिळते. म्हणून जाणते ड्रिलर आपला बराच वेळ अंगठ्यावर घालवतात.

इथे तीन मापं निर्णायक असतात. पहिलं ‘स्पॅन’, म्हणजे अंगठ्याच्या भोकाच्या कडेपासून बोटांच्या भोकांच्या कडेपर्यंतचं अंतर. दोन्ही बोटांचा स्पॅन वेगळा मोजावा लागतो, कारण बोटांची लांबी वेगळी असते. स्पॅन लांब झाला तर तळहात ताणला जातो आणि मनगटाच्या शिरा दुखू लागतात. आखूड झाला तर बॉल निसटेल या भीतीने खेळाडू बोटं आवळतो, आणि आवळलेला हात बॉल वेळेवर सोडत नाही. दुसरं माप ‘पिच’, म्हणजे भोकाचा कल. बॉलच्या मध्यबिंदूकडे सरळ जाणारं भोक शून्य पिचचं. तळव्याच्या दिशेने कललेलं भोक बॉल धरून ठेवतं, उलट दिशेला कललेलं तो लवकर सोडतं. अष्टमांश इंचाचा फरकही हाताला जाणवतो. तिसरं माप भोकाचा आकार. माणसाचा अंगठा गोल नसतो, चपटा असतो. म्हणून अंगठ्याचं भोक बहुधा लंबगोल कोरतात आणि त्याची कड घासून मऊ करतात.

एवढं करूनही अंगठा स्थिर राहत नाही. खेळताना तो सुजतो, थंडीत आक्रसतो. त्यासाठी भोकात प्लॅस्टिकची नळी बसवतात आणि तिच्या आत कापडी टेपच्या पट्ट्या चिकटवतात किंवा काढतात. हल्ली ही नळी फिरवून काढता येते, त्यामुळे एकच अंगठ्याची नळी सगळ्या बॉलमध्ये बसवता येते. बोटांच्या भोकांत रबरासारख्या मऊ पदार्थाच्या नळ्या असतात. प्रेक्षकांना यातलं काही दिसत नाही. दोन थ्रोच्या मधे पाठ वळवून बसलेला खेळाडू बारक्या चिमट्याने टेपची पट्टी ओढताना दिसला, तर तो हेच करत असतो.

चुकीच्या मापाची किंमत शरीर मोजतं. अंगठ्याच्या आतल्या बाजूने जाणारी चेताशिरा भोकाच्या कडेवर वर्षानुवर्षं घासली गेली की तिथे गाठ येते, बधिरपणा येतो. वैद्यकीय साहित्यात याला ‘बोलर्स थंब’ असंच नाव आहे. उपचारात विश्रांती तर असतेच, पण भोक मोठं करणं, कड गोल करणं आणि पिच बदलणं हेही येतं. म्हणजे औषधाचा निम्मा भाग ड्रिलरकडे असतो. १९७८ साली एका हंगामात आठ विजेतेपदं मिळवणारा मार्क रॉथ ज्या जोरात बॉल फिरवायचा, त्याची खूण त्याच्या अंगठ्यावर कायम दिसे. पट्ट्या गुंडाळलेला अंगठा ही त्याची ओळख झाली होती.

वजनाचाही संबंध इथेच येतो. शरीराच्या वजनाच्या एक दशांश वजनाचा बॉल घ्यावा, असा ठोकताळा सेंटरांमध्ये सर्रास सांगितला जातो. तो जेमतेम सुरुवातीपुरता ठीक आहे. हाताला नीट बसलेला १४ पौंडांचा बॉल हा सैल भोकांच्या १२ पौंडांच्या बॉलपेक्षा हलका वाटतो, कारण तो धरून ठेवायला ताकद खर्च होत नाही. एके काळी १६ पौंडांखाली न उतरणारे व्यावसायिक खेळाडूही आता मोठ्या संख्येने १५ पौंडांवर आले आहेत.

हाताचा हिशेब जुना आहे; बॉलच्या पृष्ठभागाचा आणि पोटाचा तुलनेने नवा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बॉल लिग्नम व्हायटी या अतिशय जड लाकडाचे असत. १९०५मध्ये ‘एव्हरट्रू’ नावाचा रबरी बॉल आला, १९१४मध्ये ब्रन्सविक कंपनीने ‘मिनरलाइट’ हा कडक रबराचा बॉल आणला आणि पुढची अनेक दशकं काळ्या रबरी बॉलची होती. १९६०च्या दशकात पॉलिएस्टरचे प्लॅस्टिक बॉल आले. रंगांची चंगळ झाली, पण वळण फारसं वाढलं नाही.

ते वाढवलं एका खेळाडूने, तेही घरगुती उपायाने. १९७३मध्ये डॉन मॅकक्यून याने आपले प्लॅस्टिकचे बॉल मिथाइल इथाइल कीटोन या विद्रावकात भिजवायला सुरुवात केली. विद्रावकाने बॉलचं कवच मऊ झालं, मऊ कवचाने लेन जास्त पकडली, आणि बॉल पॉकेटकडे झपकन वळू लागला. त्या वर्षी मॅकक्यूनने सहा विजेतेपदं जिंकली आणि तो वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हाच्या नियमांत याला आडकाठी नव्हती. इतरही बादल्या घेऊन बसले. विद्रावक ज्वालाग्राही, त्याची वाफ घातक. घराघरांतल्या गॅरेजमध्ये हा उद्योग चालू ठेवणं शक्यच नव्हतं. व्यावसायिक खेळाडूंच्या पीबीए या संघटनेने आणि अमेरिकन बोलिंग काँग्रेसने लवकरच कठीणपणाची किमान मर्यादा घालून दिली. आजही ड्युरोमीटर नावाच्या उपकरणाची सुई बॉलवर टेकवून ती तपासतात. डी मापनश्रेणीवरचा ७२ हा आकडा त्यामुळे या खेळात प्रसिद्ध झाला.

मॅकक्यूनच्या बादलीने एक गोष्ट कायमची दाखवून दिली : लेनला बॉलचा जो भाग टेकतो, त्याच्या गुणधर्मात थोडा बदल केला तरी सगळा खेळ बदलतो. कारखान्यांनी हा धडा घेतला. १९८१मध्ये एएमएफ कंपनीचा ‘अँगल’ हा युरेथेनचा बॉल आला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन’ आलं : युरेथेनच्या मिश्रणात अशी द्रव्यं मिसळली गेली की कवच सुकताना त्यात सूक्ष्म रंध्रं तयार होतात. ही रंध्रं लेनवरचं तेल शोषतात, आणि बॉल तेलातून बाहेर पडला की कोरड्या लाकडाला एकदम धरतो. वळण उशिरा, पण जोरात. त्याचे परिणाम गुणफलकावर दिसले. अमेरिकेत १९६८-६९च्या हंगामात ३०० गुणांच्या, म्हणजे सलग बारा स्ट्राइकच्या सुमारे ९०० नोंदी झाल्या होत्या. १९९८-९९मध्ये त्या ३४ हजारांच्या वर गेल्या. या वाढीत सोप्या लेनचाही मोठा वाटा आहे, पण नव्या कवचाचा वाटा नाकारता येत नाही.

आता बॉलच्या पोटात डोकावू. जुन्या बॉलच्या आत, भोकांच्या बाजूला, एक चपटी जड चकती असे. हेतू साधा होता : भोकं पाडल्याने जितकं वजन कमी होईल तितकं भरून काढणं. पुढे या चकतीच्या जागी दिव्यासारखे, भोवऱ्यासारखे, वेड्यावाकड्या ठोकळ्यांसारखे गाभे आले. त्यांच्यामुळे बॉलचं वस्तुमान आत असमान वाटलं जातं आणि फिरताना त्याचा अक्ष जागा बदलतो. म्हणून बॉल दर फेऱ्याला लेनला थोडा नवा, तेल न लागलेला भाग टेकवतो. थ्रोनंतर परत आलेल्या बॉलवर तेलाची वर्तुळं एकमेकांपासून सरकत गेलेली दिसतात. या सरकण्याला ‘फ्लेअर’ म्हणतात, आणि बॉल किती वळेल याचा तो एक चांगला अंदाज असतो.

टेक्सास विद्यापीठातल्या क्लिफ फ्रोलिक यांनी २००४मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये बोलिंग बॉल का वळतो याचं गणित मांडलं. लेनच्या तेलकट भागात घर्षणांक सुमारे ०.०४ आणि शेवटच्या कोरड्या भागात ०.२ धरला, की बॉलची हॉकी स्टिकसारखी वाट समजते. आतलं वस्तुमान असमान असेल तर त्यात भर पडते. म्हणजे वळणाचा कणा घर्षण आहे, गाभा त्याला जोर देतो.

गाभ्याचे दोन आकडे कारखाने प्रत्येक बॉलसाठी जाहीर करतात. एक ‘आरजी’ : वस्तुमान मध्याजवळ आहे की कवचाजवळ. नियमाप्रमाणे तो २.४६ ते २.८० इंचांच्या दरम्यान असावा लागतो. आकडा लहान असेल तर बॉल लवकर फिरू लागतो, मोठा असेल तर फिरकी पुढच्या टप्प्यासाठी शिल्लक राहते. दुसरा आकडा ‘डिफरन्शियल’, म्हणजे गाभ्याच्या उभ्या आणि आडव्या आरजीमधला फरक. फ्लेअरची क्षमता यावरून कळते आणि त्याची कमाल मर्यादा ०.०६० आहे. या हजारांश इंचांना किती किंमत आहे, ते २०१६च्या मार्चमध्ये दिसलं. मोटिव्ह कंपनीचे ‘जॅकल’ आणि ‘जॅकल कार्नेज’ हे लोकप्रिय बॉल तपासणीत या मर्यादेच्या वर गेले, आणि ‘युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस’ म्हणजे यूएसबीसीने त्यांची मान्यता काढून घेतली. ज्यांनी ते घेऊन, हाताच्या मापाने ड्रिल करून, हंगामाची तयारी केली होती, त्यांना नवे बॉल शोधावे लागले.

भोकांची आखणी इथून सुरू होते. बॉलच्या कवचावर एक रंगीत ठिपका असतो. तो गाभ्याचं वरचं टोक दाखवतो आणि त्याला ‘पिन’ म्हणतात. दुसरीकडे प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा एक बिंदू असतो : बॉल सुटताना ज्या अक्षाभोवती तो फिरतो, त्या अक्षाचं टोक. हा बिंदू शोधायला खेळाडूला काही थ्रो करायला लावतात, परतलेल्या बॉलवरचं पहिलं तेलाचं वर्तुळ पेन्सिलने आखतात आणि वर्तुळाच्या मध्यातून अक्ष काढतात. उजव्या हाताच्या बहुतेकांचा तो तळहाताच्या मध्यापासून उजवीकडे चार ते पाच इंचांवर सापडतो. त्याला ‘पॅप’ म्हणतात. आखणी म्हणजे या पिनचं आणि पॅपचं नातं ठरवणं.

बॉलचा परिघ २७ इंच, त्याचा पाव भाग पावणेसात इंच. पिन पॅपवरच ठेवली किंवा पॅपपासून पावणेसात इंचांवर ठेवली, तर गाभा स्थिर स्थितीत फिरतो, फ्लेअर जवळजवळ नसतो. बरोबर मध्यावर, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन इंचांच्या दरम्यान, गाभा सर्वांत अस्थिर असतो आणि फ्लेअर सर्वाधिक. या एका अंतरावर पुढे दोन कोन जोडून संपूर्ण आखणी तीन आकड्यांत सांगण्याची पद्धत बॉलचे प्रसिद्ध रचनाकार मो पिनेल यांनी रूढ केली. ड्रिलरांच्या एका पिढीने त्यांच्याकडून हे गणित शिकलं. २०२१च्या जानेवारीत कोविडने त्यांचं निधन झालं.

पिनेल यांच्या पद्धतीचा मोठा भाग चौथ्या भोकावर उभा होता. बोटांसाठी नसलेलं, पॅपजवळ पाडलेलं हे ‘बॅलन्स होल’ फ्लेअर वाढवायला किंवा कमी करायला वापरलं जायचं. १ ऑगस्ट २०२०पासून यूएसबीसीने ते बंद केलं. आता प्रत्येक भोकात प्रत्येक थ्रोला बोट असलंच पाहिजे. त्याच वेळी बॉलच्या दोन बाजूंच्या वजनातला मान्य फरक सगळ्याच दिशांना तीन औंस केला गेला. पूर्वी आडव्या दिशांना तो एकच औंस होता. हजारो खेळाडूंना चौथी भोकं बुजवून घ्यावी लागली. त्या वेळी तक्रारी झाल्या, तरी हा बदल योग्यच होता. खेळाडूची कामगिरी त्याच्या हातातून आली पाहिजे, बॉलच्या बाजूला पाडलेल्या रिकाम्या भोकातून नव्हे.

औंसांची ही सूट देणं यूएसबीसीला सोपं गेलं, कारण तोपर्यंत त्यांच्या प्रयोगांनी जुन्या समजुती पुसल्या होत्या. अनेक वर्षं ड्रिलर बॉल तराजूवर ठेवून अर्धा-पाऊण औंस बोटांकडे, पाव औंस अंगठ्याकडे, असा हिशेब करत आणि त्याने वळण बदलतं असं छातीठोकपणे सांगत. यूएसबीसीच्या प्रयोगकेंद्रात यंत्राने पुन्हापुन्हा तोच थ्रो करून पाहिला, तेव्हा या स्थिर वजनांचा परिणाम अगदी किरकोळ निघाला. बॉलच्या चालीवर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या गोष्टींमध्ये पृष्ठभागाचा खरखरीतपणा आणि कवचाचं घर्षण सर्वांत वर आले. गाभ्याचे आकडे त्यानंतर. ज्याला बॉल जास्त वळवायचा आहे त्याने नवा बॉल घेण्याआधी जुन्या बॉलवर पाचशे क्रमांकाची घासणी फिरवून पाहावी. बहुतेकदा तेवढ्याने काम होतं. चार हजार क्रमांकाची घासणी किंवा पॉलिश फिरवलं की उलट, बॉल तेलात जास्त लांब घसरतो.

आणि तेल. टेनपिनच्या लेनवर तेलाचा थर असतो, हे मॉलमध्ये खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येतं. मुळात तो लेनचं लाकूड वाचवण्यासाठी होता. पुढच्या भागात मेपल, मधे पाइन, अशी जुन्या लेनची बांधणी असे. आज कृत्रिम लेनवरही तेल घालतात, पण आता ते खेळाची अवघडता ठरवतं. एका लेनवर साधारण वीस-तीस मिलिलिटर तेल असतं, म्हणजे चहाचे चार ते सहा चमचे. संगणकी यंत्र ते ठरलेल्या नक्षीत पसरतं. फ्लोरिडातली केगल ही कंपनी अशा यंत्रांसाठी आणि नक्षींसाठी जगभर माहीत आहे.

सेंटरमधल्या रोजच्या नक्षीत मधल्या पट्ट्यांवर कडेपेक्षा दहापट किंवा त्याहून जास्त तेल असतं. चूक होऊन बॉल आत गेला तर तेलावर घसरत सरळ जातो. बाहेर गेला तर कोरडा भाग त्याला पकडून परत पॉकेटकडे आणतो. लेन स्वतःच खेळाडूला सांभाळून घेते. ‘स्पोर्ट’ नक्षीत हे प्रमाण तीनास एक किंवा त्याहून कमी असतं, आणि घरच्या सेंटरवर सरासरी २१०ची कमाई असलेला खेळाडू तिथे १८०वर येऊन अडखळू शकतो. पीबीएने आपल्या नक्षींना प्राण्यांची नावं दिली. चीता आखूड, ३५ फुटांच्या आसपास, तर शार्क चाळिशीच्या पुढे. आखूड नक्षीत बॉल कडेने खेळावा लागतो, लांब नक्षीत आतून. त्यासाठी खेळाडू एक हिशेब वापरतात : नक्षीच्या लांबीतून ३१ वजा करायचे, उरलेला आकडा म्हणजे बॉलने ज्या पट्टीवरून वळावं ती पट्टी. ४० फुटांच्या नक्षीत नववी पट्टी. हा अंदाज आहे, नियम नाही. लेनचे बारीक चढउतार तो हिशेब बिघडवतात, आणि त्यांना ०.०४० इंचांपर्यंत मुभा असते.

शिवाय तेल जागेवर राहत नाही. रेझिनचे बॉल ते शोषून घेतात, त्यामुळे सगळ्यांची वाट जिथून जाते तिथे काही गेम्सनंतर लेन कोरडी पडते. युरेथेन तेल शोषत नाही, पुढे ढकलतं. दोन लेन शेजारी असल्या तरी त्या वेगळ्या वागतात, आणि सकाळची लेन दुपारी ओळखू येत नाही. व्यावसायिक खेळाडू स्पर्धेला पाच-सहा ते डझनभर बॉल घेऊन जातात ते यासाठीच : एक लेन ताजी असताना, एक ती सुकू लागल्यावर, एक अगदी शेवटी. आखणी इथे कामाला येते. एकाच प्रकारचे दोन बॉल वेगवेगळ्या आखणीने ड्रिल केले तर एक लवकर वळतो आणि दुसरा उशिरा. फरक काही पट्ट्यांचाच असतो. उच्च पातळीवर तो पुरेसा ठरतो. नवशिक्याच्या थ्रोमधल्या चढउतारात तो हरवून जातो.

२०११मध्ये यूएसबीसीने आपला ‘अर्ल’ हा बॉल फेकणारा रोबो व्यावसायिक खेळाडू ख्रिस बार्न्सविरुद्ध एका प्रदर्शनी खेळात उतरवला. अर्लला वेग, फिरकी, कोन सगळं हवं तसं लावता येत होतं, आणि तोच थ्रो तो पुन्हापुन्हा करू शकत होता. बार्न्स २५९-२०९ असा जिंकला. ज्या खेळात थ्रोगणिक लेन बदलते, तिथे तोच थ्रो पुन्हा करता येणं ही अर्धी विद्या आहे.

खेळाडू आणि बॉल जुळवण्याचं काम किती वेगवेगळ्या वाटांनी होतं, याची दोन टोकं डोळ्यांसमोर ठेवावीत. पीबीएत सर्वाधिक, ४७ विजेतेपदं मिळवणारा वॉल्टर रे विल्यम्स भौतिकशास्त्राचा पदवीधर. त्याची फिरकी कमी, वाट जवळजवळ सरळ. त्याला लेनचा मोठा भाग कापणारा बॉल नकोच असे. अचूकपणा हेच त्याचं भांडवल. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमोंटे दोन्ही हातांनी बॉल सोडतो, अंगठा आत घालतच नाही, आणि त्याची फिरकी प्रचंड. त्याने १५ प्रमुख स्पर्धा जिंकल्या आहेत. अशा खेळाडूंच्या बॉलला दोनच भोकं लागतात, तळहाताचा मध्य कवचावर खुणेने दाखवावा लागतो. विल्यम्ससाठी आखलेला बॉल बेलमोंटेच्या हातात तेलातच आपली शक्ती संपवेल, आणि उलट केलं तर बॉल वळण्याआधी पिनांपर्यंत पोचेल. कॅटलॉगमधला ‘सर्वोत्तम बॉल’ ही कल्पनाच इथे कोसळते.

मॅकक्यूनपासून सुरू झालेला मऊ बॉलचा वाद मात्र संपलेला नाही. २०२२मध्ये तो नव्याने पेटला. हॅमर कंपनीचे २०१६-१७मध्ये बनलेले जांभळे युरेथेनचे बॉल ठरलेल्यापेक्षा मऊ आढळले आणि यूएसबीसीने त्यांना आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतून बाद केलं. ६ किंवा ७ने सुरू होणारा अनुक्रमांक असलेले बॉल घरी ठेवावे लागले. त्याच सुमारास स्टॉर्म कंपनीच्या ‘स्पेक्टर’ची मान्यता गेली आणि तिच्या आणखी सहा बॉलना राष्ट्रीय स्पर्धांत बंदी आली. पुन्हा तोच ७२चा आकडा. मऊ युरेथेनचा प्रश्न वापरणाऱ्यापुरता राहत नाही : त्याने पुढे ढकललेलं तेल त्यानंतर खेळणाऱ्याच्या वाटेत येतं. रंध्रांच्या बाबतीतही यूएसबीसीने बॉल किती वेगाने तेल शोषतो यावर मर्यादा घातली, आणि २०१९पासून स्पर्धा चालू असताना बॉल फक्त कोरड्या टॉवेलने पुसण्याची सक्ती केली. हे नियम कडक वाटतात, पण ते नसते तर स्पर्धा रसायनांची झाली असती.

भारतात राष्ट्रीय पातळीवर हा खेळ टेनपिन बोलिंग फेडरेशन चालवतं. ध्रुव सारडा, शब्बीर धनकोट यांच्यासारखे खेळाडू याच हिशेबांतून गेले आहेत. मॉलमध्ये खेळून ज्याला गोडी लागली, त्याच्यासाठी क्रम सोपा आहे. पहिला बॉल महागडा नको. मध्यम ताकदीचा, सममित गाभ्याचा, पेलेल त्या वजनाचा पुरे. आखणी साधी, पिन पॅपपासून चार-साडेचार इंचांवर. सगळा आग्रह मापासाठी धरावा : दोन्ही बोटांचे स्पॅन वेगळे मोजले का, अंगठ्याचं भोक लंबगोल केलं का, पिच हाताची लवचिकता पाहून ठरवलं का. सेंटरच्या व्यवस्थापकाला लेनवर किती फूट तेल आहे आणि ते कधी घातलं, हे विचारावं. आणि दहा-बारा गेम्स झाल्यावर बॉल घेऊन ड्रिलरकडे परत जावं, कारण अंगठ्याची जागा पहिल्या फेरीत क्वचितच बरोबर लागते. तिसऱ्या गेमला टेपच्या किती पट्ट्या काढाव्या लागल्या आणि त्वचा नेमकी कुठे लाल झाली, एवढं सांगितलं की त्याला पुढचं कळतं.